बाबांच्या हातचं ऑम्लेट

वडिलांनी दोन्ही हातांत पाण्याचे भरलेले कॅन उचलले, कोपऱ्यावरच्या नळापासून थेट गाडीपर्यंत आणले आणि थेंबही न सांडता चाकाशी ठेवले. मग कमरेवर हात ठेवून त्यांनी गाडीवरच्या नव्या पाटीकडे मान वर करून पाहिलं.

“बाबांच्या हातचं ऑम्लेट,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “चव तीच, गाडी नवी. वा! मी एवढा मोठा कारागीर होतो आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.”

सून पाव कापता कापता हसली. मुलाने मात्र तव्यावरून नजर उचलली नाही.

“बाबा, आज जरा जपून,” तो म्हणाला. “आज ते लोक यायचेत.”

“जपूनच बोलतोय. आपल्याच पाटीची आपण फार स्तुती करू नये, एवढं मला कळतं.”

या मुलाला सगळा रस्ता शेफ म्हणत असे. आधी चेष्टेने, मग सवयीने, आणि हल्ली तर त्याच्या हातचं खाऊन झाल्यावर अगदी मनापासून. उमेदीची सगळी वर्षं त्याने मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात काढली होती. हॉटेलने माणसं कमी केली तेव्हा तो बाहेर पडला आणि त्याने ही गाडी उभी केली. चकचकीत पत्रा, हातात मोजे, डोक्याला टोपी, कडेला गिऱ्हाइकाला हात धुवायची सोय. विकायचा फक्त ऑम्लेट आणि पाव. पण ते ऑम्लेट म्हणजे काय विचारता! सकाळभर मंद आचेवर परतून परतून तांबूस गोड झालेला कांदा, ताजी अंडी, वरून भरडलेली मिरी आणि त्याच दिवशी भाजलेला पाव. आसपासच्या कचेऱ्यांमधली माणसं जिने उतरून खाली यायची आणि उन्हात रांग लावायची.

तो रस्ताच मुळी बदलून गेला होता. पूर्वी गाडीवर खाणं म्हणजे नाइलाज असायचा. आता लोक ठरवून, चांगले कपडे करून गाडीवर खायला येत होते. समोर एक इंजिनियर सूप विकायचा, पलीकडे बँकेतली नोकरी सोडून आलेली बाई केक विकायची. चव सगळ्यांचीच चांगली होती, आणि तिथेच घोळ होता. पाट्या रंगवणाऱ्याने शेफला सांगितलं होतं, “साहेब, नुसतं चांगलं असून भागत नाही आता. गोष्ट लागते.” सूपवाल्याने आजी काढली होती. ती आजी त्याच्या जन्माआधीच वारली होती, पण सूप म्हणे तिचंच. कॉफीवाल्याने तर थेट पणजोबांपर्यंत मजल मारली होती. शेफकडे धडधाकट, हयात वडील होते आणि त्या वडिलांनी खरोखरच जन्मभर गाडीवर ऑम्लेट विकलं होतं. असा ऐवज घरात असताना त्याने तरी गप्प का बसावं?

अडचण एकच होती. बाबांच्या हातचं ऑम्लेट वाईट असायचं.

वाईट म्हणजे अगदी वाईट. कडेला करपलेलं, मध्ये ओलं, मीठ कधी दुप्पट तर कधी मुळीच नाही. वडील कारखान्याच्या फाटकाशी गाडी लावायचे. पाळी सुटली की भुकेली माणसं बाहेर पडायची आणि हातात पडेल ते गिळायची. वडिलांनीही त्याबद्दल कधी शेखी मिरवली नाही. “माझं ऑम्लेट लोक चहाच्या घोटाबरोबर ढकलायचे,” असं ते स्वतःच सांगायचे आणि वर हसायचे. कांद्याची ती पद्धत शेफ हॉटेलात शिकला होता, एका तापट मुख्य आचाऱ्याच्या हाताखाली, शिव्या आणि झारे दोन्ही झेलत. पण तापट आचाऱ्याची पाटी कोण लावणार?

वडिलांनी पाटीला हरकत घेतली नाही. उलट ते रोज गाडीवर येऊ लागले. उपड्या खोक्यावर बसायचे, मांडीवर फळी घ्यायचे आणि कांदा चिरायचे. चिरायला मात्र त्यांचा हात चांगला बसलेला होता. भराभर, बारीक, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. डोळ्यांना धार लागली की रांगेतल्या माणसाला म्हणायचे, “तुमचं काही दुःख असेल तर आत्ताच सांगून टाका, मी नाहीतरी रडतोच आहे.” या एका वाक्यावर कितीतरी गिऱ्हाइकं कायमची जोडली गेली होती. शेफची बायको तर म्हणायची की गाडी बाबांच्या ऑम्लेटवर नाही, बाबांच्या कांद्यावर चालते.

आज येणारे लोक साधे नव्हते. पालिकेने नदीकाठी एक नवा रस्ता आखला होता, फक्त निवडक गाड्यांसाठी. डोक्यावर छप्पर, प्रत्येकाला स्वतःचा नळ, स्वतःची वीज आणि कायमची जागा. ज्यांची निवड होईल ते तिकडे जातील. ज्यांची होणार नाही त्यांनी कुठे जायचं ते त्यांचं त्यांनी बघायचं, कारण इथला रस्ता खणायला लवकरच सुरुवात होणार होती. गाडी चालेल या भरवशावर शेफच्या बायकोनेही आपली नोकरी सोडली होती. म्हणजे दोघांचेही परतीचे दोर कापलेले. गेले काही दिवस शेफला धड झोप नव्हती. झोपेतही त्याला त्या बाई नाक मुरडताना दिसायच्या.

त्या बाई म्हणजे खाण्यावर लिहिणाऱ्या बाई. त्यांनी बरं लिहिलं की गाडीसमोर रांग लागायची, आणि त्यांनी काहीच लिहिलं नाही की असलेली रांगसुद्धा आटायची. निवड करायला पालिकेने त्यांनाच बोलावलं होतं. दुपारच्या गर्दीच्या आधी त्या आल्या. बरोबर पालिकेचा एक अधिकारी होता आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोवाला.

शेफने पाव तव्यावर उघडा करून शेकला, अंडी फोडली, कांदा पसरला. हात सवयीने चालत होते. बाईंनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग हातातला रुमाल बाजूला ठेवून त्यांनी उरलेलं सगळं संपवलं आणि बोट चाटलं. अधिकाऱ्याने तर दुसरं मागितलं.

“हा कांदा,” बाई म्हणाल्या. “हे कुठून आणलंत तुम्ही?”

“बाबांची पद्धत आहे,” शेफ म्हणाला.

मागे भांडी पुसत असलेले वडील खोकले. त्यांच्या त्या खोकल्यात हसू आहे हे शेफला ओळखू आलं आणि त्याचे कान तापले.

बाई वळल्या. पाटीकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

“म्हणजे हेच ते? अहो, मग असं मागे काय उभं केलंय त्यांना!” त्या दोन पावलं पुढे गेल्या आणि वडिलांना अगदी आदराने म्हणाल्या, “आजोबा, माझी एक विनंती आहे. तुमच्या हातचं एक करून घालाल मला? मुलाचं खाल्लं. आता मूळ चव बघायची आहे.”

वडिलांचा चेहरा असा खुलला की शेफने तो तसा कधी पाहिला नव्हता. जन्मात त्यांना असं कुणी विचारलं नसावं. भुकेल्या माणसांनी हात पुढे केले होते, घाई केली होती, शिट्ट्या मारल्या होत्या, पण तुमच्या हातचं करून घाला असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी खांद्यावरचं फडकं कमरेला खोचलं, बाह्या सरसावल्या आणि टोपलीतलं एक अंडं उचललं.

“का नाही? सरक रे जरा,” ते मुलाला म्हणाले.

शेफ सरकला नाही. त्याला पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसलं. बाबा आच मोठी करणार. अंड्याबरोबर टरफलाचा तुकडा तव्यावर पडणार, तो बोटाने काढायला जाणार, तोवर कडा काळ्या होणार. बाई एक घास घेणार, पाटीकडे बघणार आणि दोन मिनिटांत सगळं काय ते समजून जाणार. नदीकाठ, छप्पर, नळ, सगळं त्या काळ्या कडेबरोबर जाणार.

“नाही हो, बाबांच्याने नाही होत आता,” तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला फार गोड वाटला. “हात थरथरतात त्यांचे.”

सुनेने कापता कापता सुरी थांबवली. वडिलांनी मुलाकडे पाहिलं. रागाने नाही, दुखावून तर मुळीच नाही. दुकानदाराच्या तोंडून एखाद्या वस्तूची किंमत ऐकून माणूस जसा क्षणभर थांबतो आणि मग ठीक आहे म्हणतो, तसं त्यांनी पाहिलं.

मग त्यांचा हात थरथरू लागला.

आधी बोटं, मग मनगट. अंडं हातात डुगडुगलं, निसटलं आणि त्यांच्याच चपलेजवळ फुटलं. गाडीवर कधी कुणाच्या हातून अंडं फुटलं तर दिवसभर हळहळणारा माणूस तो.

“बघा,” वडील बाईंना म्हणाले, आणि ओशाळवाणं हसले. “असं होतं. हल्ली काही धरवतच नाही.”

“अरेरे,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे खरोखर भरून आले. “माझंच चुकलं. बसा तुम्ही, बसा आधी.”

अधिकाऱ्याने स्वतः खोकं पुढे सरकवलं. त्याच खोक्यावर बसून वडिलांनी सकाळी पोतंभर कांदा चिरला होता. आता त्यांना धरून, दंडाला आधार देऊन त्यावर बसवण्यात आलं आणि त्यांनी बसवून घेतलं. फोटोवाल्याला तेवढंच हवं होतं. तो शेफला म्हणाला, “साहेब, वडिलांचा हात हातात घ्या ना. हं, असा. दोन्ही हातांनी.”

शेफने वडिलांचा हात हातात घेतला. हात उबदार होता, घट्ट होता आणि अगदी शांत होता. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावल्याबरोबर तो पुन्हा थरथरायला लागला. फोटोत थरथर उमटत नाही हे वडिलांना कुणी सांगितलं नव्हतं. शेफला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ता हात सोडावा आणि गाडीखाली तोंड लपवून बसावं असं त्याला वाटत होतं, आणि फोटोवाला म्हणत होता, “थोडं हसा.”

ते लोक गेल्यावर वडील फुटलेलं अंडं पुसायला वाकले. सुनेने त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं. शेफ पुढे झाला तर तिने त्यालाही हात लावू दिला नाही. गुडघ्यांवर बसून तिने ती जागा पुन्हा पुन्हा पुसली, डाग गेल्यावरही.

घरी गेल्यावर वडील शेजारच्या खोलीत रेडिओ लावून बसले तेव्हा ती बोलली.

“दुसरं काही सुचलं नाही तुला?”

“नाही सुचलं.”

“खरं सांगायचं होतं.”

“काय खरं सांगायचं होतं? माझ्या बापाला ऑम्लेट येत नाही म्हणून? त्यांच्या तोंडावर? बाबा तिथेच उभे होते!”

“आणि हे बोललास तेव्हा कुठे गेले होते?”

पलीकडून रेडिओचा आवाज थोडा मोठा झाला. भिंती पातळ होत्या आणि वडिलांचे कान तिखट होते.

बाईंनी लिहिलं, आणि असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या घशात आवंढा यावा. बापाच्या हातातून निसटलेली कला मुलाने कशी अलगद झेलली, वगैरे. हातात हात घेतलेला तो फोटो पानभर छापून आला. निवड झाली. नुसती झाली नाही, पहिली जागा मिळाली, पुलावरून उतरताच दिसेल अशी. सूपवाला मिठी मारून गेला. तो खालच्या आवाजात म्हणाला, “तुझ्या बाबांनी तर माझ्या आजीला पार झोपवलं, राव.” शेफ हसला. हसावं लागलं.

नव्या जागी खोकं चालण्यासारखं नव्हतं. पालिकेने दिलेल्या त्या देखण्या छपराखाली, पाटीच्या बरोबर खाली, वडिलांसाठी पाठ टेकायची खुर्ची आली. लोक फोटो बघून यायचे. आधी वडिलांना भेटायचे, मग रांगेत उभे राहायचे. कुणी त्यांच्यासाठी चोळायचं तेल आणलं, कुणी बोटांचे व्यायाम दाखवले. एका निवृत्त नर्सबाईंनी तर दर आठवड्याला येऊन त्यांचं मनगट तपासायचा परिपाठच ठेवला. वडील सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि हात थरथरवत ठेवायचे. चहाचा कप सून त्यांच्या ओठाला लावायची, कारण समोर माणसं असायची. कप लावताना ती सासऱ्यांच्या डोळ्यांत बघत नसे आणि ते तिच्या डोळ्यांत बघत नसत.

कांदा आता सून चिरत होती. वडील खुर्चीवर बसून तिची सुरी बघत राहायचे. त्यांचं ते दुःख सांगून टाका म्हणण्याचं वाक्यही बंद पडलं होतं. डोळे कोरडे ठेवून ते म्हणायचं तरी कसं? खुर्चीवर बसलेल्या आजारी म्हाताऱ्याने तशी चेष्टा केली असती तर लोक हसले नसते, कळवळले असते. जो माणूस दिवसभर बोलून गिऱ्हाइकांना बेजार करायचा तो आता “बरं आहे,” “चाललंय,” एवढंच बोलायचा.

हे सगळं आपल्या एका वाक्याने झालं हे शेफला क्षणभरही विसरता येत नव्हतं. मागे वळून बघितलं की खुर्ची दिसायची, म्हणून त्याने वळणंच सोडून दिलं. मिरी मागच्या फळीवर असायची, ती त्याने पुढे आणून ठेवली.

एका सकाळी गाडी उघडण्याआधी, आजूबाजूला कुणी नसताना, तो वडिलांसमोर उकिडवा बसला.

“बाबा, आपण सांगू या ना लोकांना. औषध लागू पडलं, आता बरं वाटतंय म्हणून.”

“असा बरा होतो होय हात?” वडील म्हणाले. “त्या नर्सबाईंनी सांगितलंय मला, हे दुखणं जन्माचं असतं. बरा झालो म्हटलं तर त्या मला डॉक्टरांपुढे उभं करतील.”

“मग घरी तरी चिरा. सकाळी घरी चिरा, मी डबे भरून आणतो. कुणाला काय कळतंय?”

“घरी?” वडिलांना खरंच हसू आलं. “अरे, घरी बोलू कुणाशी? कांद्याशी?”

“माझं चुकलं, बाबा.”

हे त्याने किती दिवसांपासून घशात धरून ठेवलं होतं. वडिलांनी ते ऐकलं, आणि गुडघ्यावर बसलेली माशी हाकलावी तसा हात हलवला. स्थिर, मोकळा हात.

“चुकलं काय त्यात! तेव्हा मी तवा हातात घेतला असता तर आज आपण इथे असतो का? माझं ऑम्लेट मला ठाऊक नाही का? चल, ऊठ. पुलावर माणसं दिसायला लागली.”

आणि माणसं दिसायला लागली म्हणून त्यांनी हात मांडीवर घेतला आणि कामाला लावला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी गर्दी अशी उसळली की पाव कमी पडतो की काय असं झालं. रांगेत एक बाई होत्या, बरोबर त्यांची शाळकरी मुलगी. मुलगी आईपासून चार हात लांब, खांबाआड उभी होती आणि सारखी पुलाकडे बघत होती. बाईंनी दोन ऑम्लेट घेतली, तिला हाक मारली, तर ती जागची हलेना.

“बघा हो आजोबा,” बाई वडिलांना म्हणाल्या. “आईबरोबर गाडीवर खायची लाज वाटते आमच्या बाईसाहेबांना. मैत्रिणींनी पाहिलं तर? म्हणून तिथे लपलीय.”

“आई, पुरे ना!” मुलगी कळवळून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

कितीतरी दिवसांनी वडील खुर्चीत ताठ बसले.

“इकडे ये, पोरी. ये. तुला एक गंमत सांगतो. हा शेफ आहे ना, हा. याची शाळा माझ्या गाडीच्या अगदी जवळ होती. आणि माझी गाडी अशी नव्हती हो! तेलकट, काळीकुट्ट, एक चाक वाकडं. पण शाळा सुटली की हा पळत माझ्याकडे यायचा. एकटा नाही, सगळे मित्र घेऊन. लांबूनच ओरडायचा, ‘बाबा, मी आलो!’ मित्रांना सांगायचा, हे माझे बाबा, ही आमची गाडी. माझ्या शेजारी उभा राहून, सगळ्यांसमोर खायचा. रोज. एक दिवस चुकवला नाही.”

रांगेतली माणसं कौतुकाने ऐकत होती. कुणीतरी “वा” म्हणालं. तव्यावरचा कांदा चुरचुरत होता आणि शेफच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं होतं.

तो एक दिवसही गेला नव्हता. शाळा सुटली की मित्रांना काहीतरी थाप मारून तो मागे राहायचा आणि टायरच्या दुकानामागच्या बोळातून घरी जायचा, दप्तर छातीशी धरून, भिंतीला चिकटून. त्या बोळातून बाबांची पाठ दिसायची. तव्यावर वाकलेली, घामाने शर्ट चिकटलेली पाठ. ती पाठ कधी वळली नाही. त्याबद्दल तो तेव्हा देवाचे आभार मानायचा, आणि पुढे मोठेपणी आपण तेवढे तरी वाचलो असं मानत आला होता. बाबांना कळलं नाही, ही एकच गोष्ट त्याच्या बाजूची होती.

मुलगी खांबाआडून पुढे आली होती. तिने वडिलांकडे पाहिलं, मग शेफकडे पाहिलं. पोरगी चलाख होती, डोळे बारीक करून बघत होती.

“खरंच?” तिने शेफला विचारलं. “तुम्हाला लाज नाही वाटायची?”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. रांग, बाई, बायको. वडीलही बघत होते, चेहऱ्यावर गोष्ट सांगून झाल्याचं समाधान घेऊन. हो म्हटलं की संपलं असतं. एवढं खोटं खपलं होतं, त्यात हे काय जड होतं?

“वाटायची,” शेफ म्हणाला.

त्याने पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“वाटायची लाज. मी कधीच गेलो नाही गाडीवर. एक दिवसही नाही. टायरच्या दुकानामागून लपून जायचो घरी. आणि ही पाटी...”

“ऐका!” वडिलांनी मांडीवर थाप मारली आणि ते इतक्या जोरात हसले की पुढचे शब्द त्यातच बुडाले. “ऐका, ऐका! बापाची फिरकी घेतोय चारचौघांत. लहानपणापासून असाच आहे हा. तोंड बघा कसं केलंय, जसं काही खरंच!”

लोक हसले. मुलीची आई हसली, मुलगीही थोडी हसली आणि तिने आईच्या हातातलं ऑम्लेट घेतलं. रांगेत मागे कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, बापलेकांचं काय जमतं बघा. शेफने बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिने ओंजळीतला चिरलेला कांदा हळूच त्याच्यासमोर ठेवला आणि पुढच्या माणसाला विचारलं, “तुम्हाला किती?”

त्याने अंडी फोडली. दुसरं काय करणार होता? माणसं आपापल्या खाण्याकडे वळली, गलका पुन्हा पहिल्यासारखा सुरू झाला. खुर्ची त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर होती. थोड्या वेळाने तिथून वडिलांचा आवाज आला, हळू, फक्त त्यालाच ऐकू जाईल एवढा.

“टायरचं नव्हे रे. तू दप्तर छातीशी धरून जायचास तेव्हा सायकलचं दुकान होतं ते. टायरचं तुझी शाळा संपल्यावर झालं.”